रस्त्याकडची पट्टी

"नाव सांगा," मी म्हणाले.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"सांगावं लागतं, आप्पा. फॉर्म आहे."

धुळाआप्पांनी नाव सांगितलं. मग वडिलांचं, मग गाव, मग वय. वय त्यांना नक्की माहीत नव्हतं. "सत्तर टाका," म्हणाले. मेंढरं किती, हेही विचारलं. एकतीस. त्यातली लंगडी कोणती हेसुद्धा मला माहीत होतं, तरी विचारलं. आप्पांनी खाली सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं. पेन परत देताना टोपण नीट लावून दिलं. मग मेंढरं हाकलत चराच्या पलीकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही.

मी तेव्हा वनरक्षक होते, दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या अलीकडे. वनरक्षक म्हणजे वनखात्यातली सगळ्यात खालची खाकी. त्याच्या ताब्यात जेवढं जंगल असतं त्याला बीट म्हणतात. माझ्या बीटमध्ये सांगण्यासारखं झाड नव्हतं. नुसतं गवत. मी भोरच्या डोंगरातली, जंगल म्हटलं की मला सावली लागते. बदलीच्या नावाखाली शिक्षाच झाली, असं पहिले सहा महिने वाटत होतं. क्वार्टरच्या खिडकीतून एका बाजूला माळ दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला लांबवर एमआयडीसीच्या चिमण्या. दिवसभराचं बोलणं म्हणजे फोनवर "हो साहेब". फार एकटं वाटायचं. हे अहवालात लिहायची सोय नसते, म्हणून इथे लिहिते.

कुरण तीन वर्षांसाठी बंद केलेलं होतं. जनावरं आत सोडायची नाहीत, गवताला बी धरू द्यायचं, ते पडू द्यायचं, म्हणजे उघडा पडलेला माळ पुन्हा भरतो. भोवती चर खणलेला. चराच्या आत मी, बाहेरच्या गायरानात आप्पा. दिवाळीनंतर त्यांची मुलं मोठा कळप घेऊन बायकापोरांसकट कोकणात उतरायची. म्हातारी, लंगडी, नुकती व्यालेली मेंढरं आणि आप्पा असे मागे राहायचे. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. मी गस्तीवरून यायचे, ते पलीकडे काठीला टेकून उभे असायचे. मी थर्मास उघडायचे. चराच्या दोन काठांवर बसून आम्ही रोज चहा घ्यायचो. गवतातला पवन्या कोणता, मारवेल कोणतं, हे मला ट्रेनिंगमध्ये नाही, तिथे कळलं. एकदा लांडग्यानं कोकरू नेलं. मी पंचनाम्याचं काढलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्याचा वाटा त्यो घेऊन गेला." मला त्या माळावर गवताखेरीज काही आहे हे दिसायला लागलं ते त्यांच्यामुळे.

आता माझी चूक सांगते. उन्हाळ्याआधी कुरणाला जाळरेषा काढावी लागते. म्हणजे कडेच्या गवताचा एक पट्टा आपणच कापून, नजरेखाली जाळून मोकळा करायचा. बाहेरून आग आली तर ती त्या पट्ट्यावर येऊन मरते. हे काम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवायचं असतं. मी तीन बाजू केल्या. रस्त्याकडची चौथी राहिली. मजूर मिळेनात. बायका कांद्याच्या काढणीला, तरुण पोरं कंपनीत शिफ्टला. मी अहवालात 'काम प्रगतिपथावर' असं लिहिलं. सरकारी भाषेत त्याचा अर्थ झालेलं नाही, असा असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो.

आप्पा एकदा चहा पिताना म्हणाले होते, "बाई, रस्त्याकडची पट्टी ऱ्हायली की."

"करते हो. माणसं मिळू देत."

"गवात लई वाळलंय."

मी विषय बदलला. आपली ढिलाई दुसऱ्यानं दाखवलेली कुणाला आवडते?

चार-पाच दिवसांनी सकाळी आरएफओ साहेबांचा फोन आला. आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्राचे, आमच्या रेंजचे अधिकारी, माझ्या साहेबांचे साहेब. त्यांना गावातल्या कुणीतरी फोटो पाठवला होता. रस्त्याच्या कडेला बंद कुरणात मेंढरं.

"तुमच्या बीटमध्ये काय चाललंय, मॅडम?"

"बघते, सर."

"बघू नका. पीओआर फाडा. एकाला आत घेतलं की उद्या सगळं गाव आत येतं."

पीओआर म्हणजे वनगुन्ह्याची पहिली नोंद. मी गाडी काढली. रस्ताभर मला राग येत होता, आणि तो साहेबांचा नव्हता. माझ्याच हातचा चहा पिऊन माझ्याच पाठीमागे मेंढरं घातली, एवढंच डोक्यात. जाऊन पाहिलं तर ओढ्यावरच्या मोरीपासून, म्हणजे रस्त्याच्या छोट्या पुलापासून, पुढे रस्त्याकडची पट्टी साफ खाल्लेली, तुडवलेली. 'नुकसानग्रस्त क्षेत्र' या रकान्यात मी ती टेप लावून मोजून लिहिली. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्यानंतर आप्पा चराकडे आले नाहीत. मीही त्यांच्या वस्तीवर गेले नाही. मी कायद्याने बरोबर होते ना. बरोबर असलेल्या माणसाने कशाला जायचं?

मार्चमध्ये, भर दुपारी आग लागली. रस्त्याच्या कडेनेच, ओढ्याच्या पलीकडच्या मोठ्या तुकड्यात. कुणी विडी टाकली की आणखी काय, कळलं नाही. आमच्या रेंजची माणसं शिरूरकडे गेलेली, मांडवगण फराट्याला उसात बिबट्या होता, तिथे मदतीला. मी फोन केला. आरएफओ साहेब म्हणाले, "निघालोय, तासभर लागेल." वाळलेल्या गवताला तासभर कुठला? मी लिंबाची फांदी तोडली आणि झोडपत सुटले. एका बाईनं फांदीने कुरण विझवायचं, हे लिहितानासुद्धा हसू येतं. तेव्हा मी रडत होते. दोन मोटारसायकली थांबल्या. त्यांनी व्हिडिओ काढला आणि गेले.

मोठा तुकडा गेला. आग ओढ्याशी थांबली, कारण ओढा कोरडा आणि रेताड. पण रस्त्याच्या बाजूला ओढ्यावर मोरी आहे, आणि मोरीवर कडेने सलग गवत. तिथून ती अलीकडे यायला लागली. मी धावले, पण पोचू शकत नव्हते. आगीने मोरी ओलांडली, आणि ती जागीच मेली. पुढे जाळायला काही नव्हतंच. आप्पांच्या मेंढरांनी चरलेली पट्टी तिथून सुरू होत होती. जे मी नुकसान म्हणून लिहिलं होतं, त्याच्यामुळे ओढ्याच्या अलीकडचं उरलेलं कुरण उभं राहिलं. मी मोरीवर बसले. टीम येईपर्यंत तिथेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आरएफओ साहेबांनी माझा अहवाल वाचला.

"'चराई झाल्यामुळे आग थांबली.' हे काय लिहिलंय?"

"खरं ते लिहिलंय, सर."

"ज्याच्यावर गुन्हा नोंदवलाय त्यानेच कुरण वाचवलं, असं वर पाठवू? 'वाऱ्याची दिशा बदलली' असं लिहा. तुमच्याच भल्याचं सांगतोय. नाहीतर पहिला प्रश्न येईल, तिथे जाळरेषा का नव्हती?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के व्यवहारी होतं. पण गुन्हा तसाच राहिला असता तर आप्पांच्या घराला पुढच्या वर्षीचा चराई पास मिळाला नसता. कोकणातून परतलेला अख्खा कळप पावसाळ्यात चारायचा कुठे? मी दोन दिवस कागद टेबलावर ठेवला. माझ्या सर्व्हिस बुकात तोवर एकही डाग नव्हता, आणि त्याचा मला जरा गर्वच होता. तिसऱ्या दिवशी त्याच कागदाखाली आणखी एक ओळ लिहिली, रस्त्याकडची जाळरेषा मी वेळेत पूर्ण केली नव्हती, अशी. आणि पाठवून दिला.

मला मेमो आला. आप्पांचं प्रकरण समज देऊन बंद झालं. पास मंजूर झाला. ही बातमी द्यायला मी त्यांच्या वस्तीवर गेले. बाभळीखाली बसून ते चातीवर लोकर कातत होते.

"केस मिटली, आप्पा. पास मिळेल."

"ब्येस झालं. पोरांचा घोर गेला."

मी उभीच होते. शेवटी मी म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी मेंढरं आत का घातलीत?"

त्यांनी चाती थांबवली. "तुमची पट्टी ऱ्हायली हुती न्हवं? मानसं मिळंनात तुमाला. सायेब आलं असतं तर तुमालाच बोललं असतं. म्हनलं, दोन दिसात मेंढरं साफ करत्यात. त्यांची प्वाटं बी भरली, खोटं कशाला बोलू?"

"मग आधी सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर तुमाला न्हाई म्हनावं लागलं असतं. नोकरी हाय तुमची."

"निदान पीओआर लिहिताना तरी..."

"तवा तुमी इचारलं न्हाई."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग विचारलं, "उद्या चराकडे येणार?"

"न्हाई बाई. राग न्हाई माझा, द्येवाशपथ. पर आता तुमच्याकडं बघितलं की आदी वर्दी दिसती."

मी आणखी दोन वर्षं त्या बीटवर होते. जाळरेषा जानेवारीतच पूर्ण व्हायची, चारही बाजूंनी. आप्पांची मेंढरं लांबच्या माळावर दिसायची, मी हात केला तर तेही काठी वर करायचे. तेवढंच.

आता मी वनपाल आहे. हाताखाली चार वनरक्षक आहेत. नवीन कुणी आलं की मी एवढंच सांगते. माणूस आत का शिरला, ते पीओआर लिहिण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर मिळतं, माणूस परत मिळत नाही.