तांब्याच्या हंड्यातलं पाणी

माशांची ती पिल्लं मी मारली आणि नाव वहिनींचं घेतलं. हे आधीच लिहून टाकतो. मागाहून लिहायचं ठेवलं तर मी त्याला शंभर कारणं जोडीन, आणि कारणं जोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घाटकोपरला आमची दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी जागा होती. एका खोलीत दादा-वहिनी, दुसरीत आम्ही नवरा-बायको. स्वयंपाकघर वहिनींचं. वहिनींशी माझं पहिल्यापासून पटलं नाही. साधा चहा हवा असला तरी त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं, हे मला सलत असे. त्यांनाही मी आयतं खाणारा दीर वाटत असेन.

ऑफिसातल्या एका सोबत्याच्या घरी मी एंजल मासे पाहिले. चपटे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. ‘पाळता कुणालाही येतात, पैदास करून दाखव,’ असं तो म्हणाला आणि मी पेटलो. विक्रोळीच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या फिटरकडून लोखंडी चौकट जोडून घेतली, काचा बसवून पाणी गळू नये म्हणून फटींत लांबी भरली. थंडीत पाणी कोमट राहावं म्हणून वर एक दिवा टांगला. एंजलची एक जोडी आणून सोडली आणि तिला अंडी घालायला एक जुनी दगडी पाटी आत तिरकी उभी केली. उजेड हवा म्हणून टाकी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवली. तिथे वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या असत.

“भावोजी, बरण्या कुठे ठेवू? डोक्यावर?”

“माळ्यावर ठेवा.”

“मासेच ठेवा की माळ्यावर! त्यांना कुठे रोज पानात वाढायचंय?”

नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. ते मिळवायला मी कोबीची पानं बरणीत कुजवत असे. त्या वासावरून रोज भांडण. “आंघोळ करून इथे यायचं ते हे गटार हुंगायला. शेजारी देव आहेत हो!” त्या म्हणायच्या. मी म्हणायचो, “देवांची तक्रार नाही, तुमचीच आहे.” बायको मधे पडली की दोघंही तिच्यावर उलटत असू.

पहिल्या दोन वेळची अंडी त्या जोडीनेच खाल्ली. वहिनी हसल्या, ते मी विसरलो नाही. तिसऱ्या वेळी मात्र पाटीवरची अंडी फुटली आणि आठवड्याच्या आत पिल्लं पोहायला लागली. राईएवढी ती पिल्लं आईबापांच्या मागे ढगासारखी हलत. वाट चुकलेल्या पिल्लाला बाप तोंडात धरून परत घोळक्यात सोडी. मी ऑफिसला उशिरा जाऊ लागलो.

टाकीतलं थोडं पाणी रोज बदलायचं, आणि नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून ते दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचं, असं मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं होतं. मी एक बादली त्यासाठी ठेवली होती. एका रविवारी बायकोने चुकून तिच्यात कपडे भिजवले. कोपऱ्यात वहिनींचा तांब्याचा हंडा भरलेला होता. माहेराहून आणलेला. शनिवारी त्या तो चिंच-मीठ लावून आतून-बाहेरून लखलखीत घासत आणि पिण्याचं पाणी भरून ठेवत. ‘माशांचा हात माझ्या हंड्याला लागता कामा नये,’ अशी त्यांची सक्त ताकीद होती. पण त्या दुपारी त्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. तांब्यातलं पाणी सगळ्यात शुद्ध, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. पिल्लांना याहून चांगलं पाणी कुठलं मिळणार? मी हंड्यातून सहा-सात तांबे पाणी टाकीत घातलं, हंडा नळाखाली पुन्हा काठोकाठ भरला आणि बाहेरून पुसून ठेवला.

सकाळी पिल्लं तळाशी पडलेली होती, धुळीसारखी. मोठी जोडी वर येऊन तोंड उघडत होती. खिडकीत, टाकीला लागून, वहिनींचा धुण्याच्या सोड्याचा डबा होता. तो तिथे रोजच असे, हे मला ठाऊक होतं.

“सोडा टाकलात ना?” मी ओरडलो.

“मी त्या पेटीला हातसुद्धा लावला नाही.”

“मग मेले कशाने? तुमच्या आशीर्वादाने?”

“तुम्ही काय घातलंत ते आठवा आधी.”

हंड्याची गोष्ट तेव्हा ओठांवर आली होती. ती सांगितली तर हंड्याला हात लावल्याचं कबूल करावं लागलं असतं. म्हणून गिळली. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज ऐकून दादा बाहेर आला. मला पिल्लं गेल्याचं दुःख होतं, खोटं नाही. पण वहिनी अखेर हातात सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

दादा वहिनींना म्हणाला, “टाकला असशील तर कबूल कर आणि मिटव.”

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह पेटू लागले. चार महिन्यांनी दादाने चेंबूरला जागा घेतली. हंडाही गेला.

पुढच्या खेपेला पिल्लं जगली, वाढली. काकू म्हणाल्या, “बघा, बाई गेली नि मासे तगले!” मी हसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पिल्लं दाखवताना हेच वाक्य मीही वापरलं, अनेकदा.

वर्षभराने बायकोने नवा तांब्याचा हंडा आणला. तोवर बादलीला भोक पडलं होतं. नवीन पिल्लं निघाली होती, मी पुन्हा हंड्यातून पाणी घातलं, आणि सकाळी तळाशी तीच धूळ. वहिनी तर चेंबूरला. मी टाकीसमोर बसलो आणि तो रविवार तांब्या-तांब्याने आठवला. दुकानदाराला विचारलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, “साहेब, घासलेल्या तांब्यातलं पाणी? माशाला विषच की ते!”

घरी येऊन बायकोला सांगितलं, थंडीने मेली. त्यानंतर दीड वर्ष मी गप्प राहिलो. दादाकडे गणपतीला गेलो, वहिनींनी वाढलेले मोदक खाल्ले, तरी गप्प.

शेवटी एका दुपारी, दादा घरी नसताना, चेंबूरला गेलो आणि दारातच सगळं सांगितलं. वहिनींनी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

“हे मला कशाला सांगता?” त्या म्हणाल्या. “मी केलं नाही हे मला माहीतच होतं. ज्यांच्यासमोर ओरडलात त्यांना सांगा.”

पुढच्या रविवारी माझ्या बोलावण्यावरून दादा त्यांना घेऊन घाटकोपरला आला. मी काकूंना बोलावून आणलं. बायको स्टोव्हपाशी उभी होती. वहिनी दारातच थांबल्या, चपला न काढता. मी काकूंकडे आणि दादाकडे बघून सांगितलं, “त्या दिवशी वहिनींच्या हंड्यातलं पाणी मी चोरून टाकीत घातलं होतं. त्यानेच पिल्लं मेली. सोडा कुणी टाकला नव्हता. मला हे दीड वर्षापासून ठाऊक आहे.” मग वहिनींकडे वळलो. “वहिनी, मी खोटा आळ घेतला. तुम्हाला या घरातून मी घालवलं. माझं चुकलं.”