कागदावरचं थोपटणं

मेंदूचे आलेख काढायच्या खोलीत ताईंची एकवीस वर्षं गेली. खोली म्हणजे तरी काय, एक खाट, एक मशीन, एक स्टूल, कोपऱ्यात एक खुर्ची आणि जाड पडदा लावलेली खिडकी. पेशंटच्या डोक्याची टेपने मापं घ्यायची, खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर पांढरी पेस्ट लावून तारांच्या टोकाच्या इवल्या वाट्या चिकटवायच्या, आणि मशीनच्या पडद्यावर रेघा धावायला लागल्या की बघत बसायचं. पेस्ट नखांत जाऊन बसे. मुलांच्या वॉर्डात त्यांचं नावच पडलं होतं, चिकटताई. घरी नवरा म्हणे, "पाहुणा आला की माणसं त्याचं तोंड बघतात, आमची ही डोकं मापते."

मेंदूची वीज फार नाजूक. भर बाजारात कुणी कानाशी कुजबुजावं, तशी ती येते. तिच्यात ट्यूबलाइटची घरघर मिसळते, पापणीची उघडझाप मिसळते, कुणी दात चावले तर तेही उमटतं. ताईंना हे काम शिकवलं ते म्हाताऱ्या सरांनी. ताई तेव्हा वॉर्डात चादरी बदलायच्या. सरांनी पहिले सहा महिने त्यांना तारेला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं खाटेशेजारी बसवलं, हातात वही दिली आणि सांगितलं, "पेशंट जे करेल ते वेळेसकट लिही. खोकला, लिही. गिळलं, लिही. माशी बसली, तेही लिही." ताईंना आधी वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण रोज संध्याकाळी सर वही आणि आलेख शेजारी ठेवून दाखवत, की ही रेघ आजाराची नाही, ही माशीची.

दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही फक्त बटण दाबायचं. गाळणी आतच आहे, सगळा कचरा तीच काढते." आणि खरंच काढायची. विजेची घरघर तर अशी साफ जायची, की ताईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पूर्वी त्या घरघरीपायी अर्धा दिवस तारा चाचपण्यात जायचा. पण वही त्यांनी सोडली नाही.

अशातच एका सकाळी दहा महिन्यांची एक मुलगी आली. सोबत तिची आई आणि आजी, आईच्या सासूबाई. सातव्या महिन्यात तापात तिला एकदा झटका आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी आलेख काढला, त्यात मागच्या बाजूला लाटा दिसल्या. औषध सुरू झालं. महिन्याने पुन्हा काढला, पुन्हा तशाच लाटा, म्हणून औषध वाढलं. झटका काही परत आला नव्हता, पण पोर दिवसभर पेंगायची. पालथी पडायला शिकली होती, तेही विसरली. आता इथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की या वेळीही लाटा आल्या तर आणखी एक औषध, जरा कडक, जोडावं लागेल.

"कडक म्हणजे किती कडक हो?" आईने वाट्या चिकटवताना विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. आधी आपण नीट आलेख काढू. पहाटेपासून जागं ठेवलंत ना हिला?"

"पहाटेपासून मी आणि आई आळीपाळीने नाचतोय तिच्यापुढे."

"मी नाचले, ही बघत होती," आजी म्हणाल्या.

डोक्याला पट्टी गुंडाळून झाली. मुलगी कुरकुरली, मग डोळे जड झाले. ताईंनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. रेघा स्वच्छ आल्या. पापणी, चोखणं, एक उचकी. ताई लिहीत होत्या. आणि मग मागच्या तारांमध्ये लाटा उठल्या. एकसारख्या, एका लयीत, सेकंदाला तीन. मशीनने गाळल्या नाहीत. गाळणार तरी कसं, दिसायला त्या थेट मेंदूच्या वाटत होत्या.

आईची नजर पडद्यावर होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पूर्वीही अशाच डोंगररांगा दिसल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले होते, एवढं तिला आठवत होतं. तिने पदर तोंडाशी धरला.

 ताईंचा हात सवयीने वहीवर गेला, आणि काय लिहायचं म्हणून त्यांनी खाटेकडे पाहिलं. मुलगी कुशीवर होती, डोळे मिटलेले. आणि चादरीखाली आजींचा हात तिच्या पाठीवर चालला होता. थप, थप, थप.

"आजी, हात थांबवा जरा."

"उठेल ती."

"उठू दे."

हात थांबला. पडद्यावरच्या लाटा थांबल्या. ताईंनी मनात दहा आकडे मोजले. "आता परत थोपटा." लाटा आल्या. "आता सावकाश." लाटा लांबल्या. ताईंनी तिन्ही वेळा वहीत टिपल्या आणि मशीनमध्येही खूण केली.

"काय झालं ताई?" आईने विचारलं.

"अजून काही म्हणत नाही. आजी, मागच्या दोन वेळेलाही तुम्हीच थोपटत होतात?"

"मग दुसरं कोण? माझ्या हाताशिवाय ती झोपते का?"  आजींनी हात नातीच्या पाठीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला, जणू तो आपला नाहीच. "म्हणजे माझ्या हातानं एवढं औषध गेलं तिच्या पोटात?"

आईने काही म्हणायच्या आतच ताई म्हणाल्या, "तुमच्या हातानं नातीला झोपवलं. तो हात चालू होता हे लिहून ठेवायचं काम आमच्या लोकांचं होतं, तुमचं नव्हे."

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. ताईंनी फोन केला तशा डॉक्टरबाई आल्या, खुणा बघितल्या, वही बघितली. म्हणाल्या, "हात लागलेला भाग मी सोडून देईन. पण मला झोपेची सलग वीस मिनिटं हवीत, कुणीही न शिवता. कधीकधी खरा दोष झोपेतच दिसतो. त्याशिवाय मी औषधाला हात लावणार नाही."

आणि मुलगी तर आता टक्क जागी. आईने बाटली दिली, तिने ती ढकलली. कुणी उचलून घ्यायचं नाही, हलवायचं नाही. ती रडली, पट्टी ओढायला लागली. रेघांचा नुसता चिखल झाला. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता.

"झोप औषधाने आणावी का?" आई म्हणाली.

"आधीच तिच्या पोटात पुष्कळ आहे," ताई म्हणाल्या. त्या स्टूलवर बसून विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही खाटेपासून लांब बसा. त्या खुर्चीत. आणि स्वतःच्या मांडीवर थोपटा. तिला थोपटता तेवढ्याच जोरात."

"माझ्या मांडीवर?"

"आवाज तर तोच येईल ना."

आजींनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "करा हो आई. इथे कोण बघतंय."

आजी खुर्चीत बसल्या आणि आपल्याच मांडीवर थोपटू लागल्या. थप, थप, थप. मुलीने मान वळवायचा प्रयत्न केला. रडं हुंदक्यावर आलं, हुंदका उसाशावर. तिने मूठ तोंडात घातली आणि तशीच तिची बोटं सैल झाली.

ताई पडद्याकडे बघत होत्या, खाटेकडे बघत होत्या. झोपेच्या रेघा आल्या, निरोगी बाळाच्या असाव्यात तशा. मागच्या बाजूला काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आजींचा हात दुखायला लागला तसा त्यांनी दुसरा लावला. वीस झाली तरी कुणी उठलं नाही. ताईंनी आणखी दहा घेतली.

दुपारी डॉक्टरबाईंनी जुन्या जागेचे दोन्ही आलेख मागवून घेतले. त्याच तारा, तीच लय, आणि शेजारी कुणाचीही टीप नाही. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, की नवं औषध द्यायचं नाही, चालू आहे ते एकदम न तोडता आठवड्याआठवड्याने कमी करत बंद करायचं, आणि ताप आला तर लगेच यायचं.

आई ताईंच्या खोलीत परत आली.  तिने ताईंचे पेस्टने माखलेले हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. ताईंना सरांची आठवण आली. त्यांनी मनात आधी सरांना नमस्कार केला, मग देवाला. मग म्हणाल्या, "घरी गेल्यावर केस कोमट पाण्याने धुवा हिचे. आणि तुमचे हातही."

दोन महिन्यांनी तिघी तपासणीला आल्या तेव्हा मुलगी आईच्या कडेवरून खाली झेपावत होती. औषध बंद होऊन आठ दिवस झाले होते. ताईंनी आजींना विचारलं, "काय, थोपटणं चालू आहे ना?"

"कसलं थोपटते," आजी म्हणाल्या. "एका जागी ठरेल तर ना. आता मीच दमून आधी झोपते."