डबा अठ्ठावीस दाखवत होता

सुपडूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हजीऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात मी पंखे बसवण्याच्या कामावर होतो. दादाच्या मुलाने फोनवर "काका, अप्पा गेले" एवढंच सांगितलं, आणि रडू यायच्या आधी मनात आलं, की आता ते कुणाला कधीच कळणार नाही... मग रडू आलं. त्या रडण्यात खरं किती होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. अमळनेरकडच्या आमच्या गावातून मला सुरतला त्यानेच आणलं, उधन्याच्या आपल्या एका खोलीत ठेवून घेतलं आणि आयटीआयला घातलं. तो तेव्हा लूमवर होता. पुढे तो खडखडाट सोसेना म्हणून बारडोली रस्त्याला एका शेठच्या पोल्ट्रीवर देखरेखीला गेला आणि तिथे त्याचं चांगलंच जमलं. शेड तेव्हा उघडी होती, दोन्ही बाजूंना जाळी आणि जाळीवर पोत्यांचे पडदे. वारा कुठून आहे, ऊन किती सरकलं आहे ते बघून दादा एक पडदा हातभर चढवायचा, दुसरा वीतभर उतरवायचा. शेडमध्ये शिरला की आधी उकिडवा बसायचा. उभ्या माणसाला लागते ती हवा वेगळी आणि जमिनीलगत पक्ष्यांना मिळते ती वेगळी, असं त्याचं म्हणणं. खाली बसून पक्ष्यांखाली अंथरलेल्या भाताच्या तुसाचा वास घ्यायचा, डोळे चुरचुरले तर पडदा उघडायचा. मी त्याला चेष्टेने कोंबड्यांचा डॉक्टर म्हणायचो. "डाक्टर नही रे, शेजारी," तो म्हणायचा. घरी पाहुणे बसलेले असले तरी हवा कोंडली म्हणून ऐन थंडीत खिडकी उघडायचा, आणि वहिनी वैतागायच्या.

शेठने शेड बंदिस्त करायची ठरवली तेव्हा ते काम दादानेच मला मिळवून दिलं. एका टोकाला ओल्या जाळ्या, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. पंख्यांनी आतली हवा ओढायची, बाहेरची हवा ओल्या जाळीतून गार होऊन आत यायची, आणि कुठला पंखा कधी लागायचा हे भिंतीवरच्या डब्याने ठरवायचं. तोवर मी दुकानांचे पंखे, घरांचे कूलर असली कामं करत होतो. एवढं मोठं काम पहिलंच, आणि नीट झालं तर शेठच्या आणखी शेड मिळणार होत्या. मी हवेत होतो. दादाला तोऱ्यात सांगितलं, "आता उकिडवं बसायची गरज नाही. मशीन चुकत नाही." कुणी उगाच बटणं दाबू नयेत म्हणून डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच खिशात ठेवली.

तपमान मोजणारा सेन्सर शेडच्या मध्यावर, पक्ष्यांच्या उंचीला टांगायचा असतो. माझी वायर आखूड पडली. दुसऱ्या दिवशी गावी लग्नाला जायचं होतं, म्हणून मी तो ओल्या जाळीजवळच टांगला, आल्यावर वायर जोडू असं म्हणून. आलो, आणि विसरलो. विसरलो म्हणजे आठवत होतं, पण जायचा कंटाळा करत होतो... ज्या टोकाला गार हवा आत शिरते तिथेच सेन्सर असला, तर डबा सबंध शेडला गार समजतो. आयटीआयच्या पोरालाही हे कळतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी दादाचा फोन आला. "आठे मांगला पक्षी तोंडं वासी राह्यनात रे, अन तुना डबा अठ्ठावीस दाखाडस. दोनच पंखा चालू शेतस." मी बमरोलीत जेवत होतो. म्हणालो, "डबा अठ्ठावीस दाखवतो ना? मग अठ्ठावीसच आहे. बस शांत." तो शांत बसला नाही. डब्याला कुलूप, बाकीचे पंखे लावता येईनात, म्हणून दारं उघडली, बादल्यांनी पाणी मारलं, पुन्हा दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी उचलला नाही. मी पोचेपर्यंत पंख्यांच्या बाजूची अर्धी शेड मेलेली होती.

सगळे जण मेलेले पक्षी बाहेर ओढत होते. दादाही त्यांच्यात होता. त्या गडबडीत मी वायर जोडली आणि सेन्सर मध्यावर नेऊन टांगला. माझ्या हाताने, शांतपणे. शेठ आले तेव्हा डबा छत्तीस दाखवत होता आणि सगळे पंखे फिरत होते. दादा म्हणाला, "शेठ, अठ्ठावीस व्हतं. मी मना डोयाघाई देखं." शेठनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "दादा, अठ्ठावीस कसं असेल? एकदा डोळे तपासून घे." शेठ हात उडवून म्हणाले, "आने तो देखातुं ज नथी!" याला दिसतच नाही. दादा डब्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं आता चिडेल. तो नुसता खाली मान घालून म्हणाला, "व्हई." असेल.

त्याचं काम गेलं. मला आणखी चार शेड मिळाल्या. तो उधन्याला डॉक्टरकडे जाऊन आला, डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. दादाने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, कारण त्याने आयटीआयला घातलेला भाऊ वेगळं सांगत होता. नंतर बमरोलीत एका गोडाऊनवर राखण करायचा. बसचा नंबर दुसऱ्याला विचारायचा, लाइटबिल मुलाकडून दोनदा वाचून घ्यायचा. हे मी सात-आठ वर्षं बघत होतो. रोज सांगता आलं असतं.

दहाव्याला शेठ आले होते. फोटोला हार घालून मला म्हणाले, "माणस बहु सारो हतो, पण आंखे दगो दीधो." माणूस फार चांगला, डोळ्यांनी दगा दिला. आणि मी तेव्हाही मान हलवली. शेठना मराठी वाचता येत नाही, म्हणजे हा लेख त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मी स्वतः जाऊन त्यांना सांगणार आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला जावंच लागेल.

वहिनींना मात्र सांगून आलो. दुपारची वेळ होती, त्या मेथी निवडत बसल्या होत्या. आखूड वायर, खिशातली किल्ली, न उचललेले फोन, सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मंग भाऊ, हाई त्यासले का बरं सांगं नही तुम्ही?" मी मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडायला लागलो. मग त्या म्हणाल्या, "नात झायी, तीन वरीसनी व्हयनी. त्यासनी तिले एकदाबी उचलं नही. पाडी टाकसू म्हनेत, माले नीट दखास नही."

तेवढ्यात ती पोरगी आतून उठून आली आणि सवयीने माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. त्या घरी गेलो की मी आधी तिला उचलून घ्यायचो, वर उडवून झेलायचो, दादाच्या समोर. तो खाटेवर बसून बघत असायचा. दर वेळी म्हणायचा, "नीट धर रे. तुना डोया चांगला शेतस." आणि मी हसायचो.