गुरुवारी वाचलं, शुक्रवारी घडलं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या पिशव्या साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात!

सांगलीत आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. एक सतरंजी, करुणाचा, म्हणजे आमच्या सौ.चा चहा आणि सात-आठ माणसं. नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला. "काय समजलं ते मला सांगू नका. मागच्या गुरुवारी जे वाचलं, त्याचं आठवडाभरात काय झालं ते सांगा."

झालं! तेव्हापासून अभ्यास अर्धा तास आणि किस्से तासभर.

*

आमचे शांतवनकाका फौजेतून रिटायर झालेले. मूळचे माण तालुक्यातल्या दहिवडीचे, आता सांगलीकर. एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करावा, हे आम्ही वाचलं आणि पुढच्या गुरुवारी काका ताठ बसून सांगायला लागले.

"बाजारात एका बाइकवाल्यानं माज्या स्कूटरला मागनं ठोकलं. वर मलाच शिव्या! मी एक शबूद बोललो न्हाई."

"आमेन!" सगळे म्हणाले.

तेवढ्यात सरोजकाकू, म्हणजे त्यांची बायको, हळूच म्हणाली, "आवं, चावीचं सांगा की."

काकांनी खाली बघितलं. झालं असं होतं, की एक शब्दही न बोलता त्यांनी त्या माणसाच्या बाइकची चावी काढली, खिशात घातली आणि स्कूटर ढकलत घराकडं निघाले. तो बिचारा विनवण्या करत घरापर्यंत मागं मागं आला!

"चा पाजला की मी त्याला!" काका म्हणाले. "मगच चावी दिली."

पाळकसाहेब बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "काका, गाल पुढं करायचा होता. चावी खिशात घालायला कुठं सांगितलंय?"

*

चहाच्या आधी आम्ही एकमेकांच्या अडचणींसाठी प्रार्थना करतो. आता यातली गंमत अशी, की दुसऱ्याच्या घरातलं काही सांगायचं असेल तर 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हटलं की मोकळं रान!

एकदा आमची करुणाच सुरू झाली. "प्रार्थनेसाठी सांगते हं. बाहेर कुठं बोलू नका. आपल्या मंडळीतली एक सून आहे ना, तिच्या घरी परवा..."

रूथमावशी आमच्यात सगळ्यात वडील. दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळं हात पकडला की सोडत नाहीत. त्यांनी करुणाचा हात पकडला आणि सरळ डोळे मिटले.

"मावशी, अजून नाव सांगायचंय," करुणा म्हणाली.

"त्याला ठाव हाय नाव," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "आमाला कशाला पायजे? मीट डोळं!"

त्या दिवशी प्रार्थना बिननावाचीच झाली. चहाही जरा लवकरच आला.

*

शेजारी पाटीलकाकू राहतात. जैन, फार प्रेमळ. आपल्या खाण्यामुळं दुसऱ्याचं मन अडखळू नये, असं आम्ही वाचलं तेव्हा नाताळ तोंडावर आलेला. करुणानं ठरवलं, यंदा काकूंना चालेल असाच केक करायचा. अंडं नाही. नवं भांडं आणलं. शिवाय काकू सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून सकाळपासूनच लगबग.

केक काही फुगला नाही. विटेसारखा बसला! करुणाच्या डोळ्यांत पाणी. तरी ऊन असेतो ती ताट झाकून शेजारी देऊन आली.

थोड्या वेळानं पाटीलकाकू स्वतः आल्या. "इतकी वर्षं तुम्ही लोक प्रेमानं फराळ द्यायचात," त्या म्हणाल्या, "आणि मी तो घेऊन कामवाल्या बाईला द्यायची. आज पहिल्यांदा खाल्ला." आणि दारातच उभ्या राहून दोघी रडल्या.

उरलेला केक पाळकसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी एक तुकडा मन लावून चावला. "बंधुप्रेम चांगलंय," ते म्हणाले, "पण जरा घट्ट झालंय!"

*

दाऊदभाऊ कुंडलहून येतात. ऊसवाले. शेजारच्या तात्याशी त्यांचं बांधावरून जुनं वैर. पाळकसाहेबांनी सांगितलं, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा.

पुढच्या गुरुवारी विचारलं, "करताय ना?"

"करतोय की! नाव घिऊन करतोय."

"काय मागता?"

"म्हनतो, देवा, त्यो कसा हाय ते तुला ठाव हायच. काय करायचं ते तुजं तू बघ!"

"दाऊदभाऊ, ही प्रार्थना नाही. ही फिर्याद झाली! त्याच्या बायकापोरांसाठी मागा, त्याच्या पिकासाठी मागा."

भाऊ कुरकुरत तयार झाले. उन्हाळ्यात एकदा आले ते तोंड पाडूनच. तात्याची मोटर जळली होती आणि उभा ऊस वाळायला लागला होता.

"मग?"

"मग काय! घास गिळंना. शेवटी माज्या हिरीचं पानी त्याच्या रानात सोडलं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ आणखीच चिडले.

"टाळ्या कसल्या वाजिवताय? तुमी माजं वाटुळं केलंय, पाळकसाहेब! आधी त्याचं वाईट झालं की लय ग्वाड वाटायचं. आता मलाच वाईट वाटतंय!"

बांधाचा वाद अजून आहे. पाणीही चालू आहे.

*

आणि हा रविवारचा. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की देवापुढं अर्पण आणताना भावाशी बिनसलेलं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं आणि आधी भावाकडं जावं.

उपदेशानंतर शांतवनकाका अर्पणाची थैली रांगेरांगेतून फिरवत होते. आमच्या बाकापाशी आले आणि थांबले. थैली माझ्या हातात दिली आणि चर्चमधून सरळ बाहेर पडले. सरोजकाकू घाबरून मागं धावली.

पुढचं काकूनं गुरुवारी सांगितलं. 

वडील गेले तेव्हा काका लांब बॉर्डरवर होते. धाकट्या भावानं वाट न बघता माती दिली. काकांना शेवटचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून दहिवडीकडं पाऊल नाही, बोलणं नाही.

दोघं तसेच स्कूटरवर निघाले, विटा मागं पडलं. मायणीला चहाला थांबले तेव्हा काकूनं विचारलं, "माफ करायला चाललाय, का माफी मागायला?"

"त्येच ठरंना," काका म्हणाले.

वस्तीवर पोचले तेव्हा भाऊ शेरडांना पाला टाकत होता. त्यानं बघितलं. काका अंगणात उभे. 

मग भाऊ आत गेला आणि भरलेली कळशी घेऊन आला. तिकडं पाणी टँकरचं. पाहुण्याला पाय धुवायला तांब्याभर देतात, तोही पाहुण्याच्या हातात. हा खाली बसला, काकांच्या चपला स्वतः काढल्या आणि पायांवर अख्खी कळशी ओतायला लागला.

काकांना राहवेना. "आरं, पानी जप की रं!"

भाऊ मान वर न करता पाय चोळत राहिला.

"असू दे, दादा. लय वर्सांची धूळ हाय."