तेहेतीस अनारसे आणि वरचा खण

जावयाला सासऱ्याने दिलेल्या वस्तूत खोट काढता येत नाही, आणि ती वस्तू सासऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली असेल तर तिच्याकडे नीट बघताही येत नाही. बघितलं की खोट दिसते, आणि माझ्या मनातलं आधी तोंडावर उमटतं. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा शाळेचा फळा बरा, तो पुसता तरी येतो.

माझे सासरे मोखाड्याचे. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली. नोकरीत होते तोवर दाराशी रोज दोन-चार माणसं असायची. कुणाला दाखला हवा, कुणाला अर्ज कसा लिहायचा ते विचारायचं. निवृत्त झाले आणि दार ओस पडलं. फोन वाजायचा तोही रिचार्ज संपल्याचं सांगायला. सहा महिने हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जीपा बघत होता. मग एका आठवडी बाजारातून ते करवत, रंधा आणि पटाशी घेऊन आले आणि जाहीर केलं, की आपण आता सुतारकाम करणार.

पहिला पाट झाला. तो डुलायचा. सासूबाईंनी तो फेकला नाही. ज्या पाहुण्याने लवकर उठावं असं वाटे त्याला त्या तोच पाट देत. बाकी त्यांच्या तोंडाला खंड नव्हता. "एवढी लाकडं तासलीत, चुलीला घातली असती तर वर्षाचा गॅस वाचला असता," हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चैन. सासरी बोलावतात, पाटावर बसवतात, चांदीचं निरांजन आणि तेहेतीस अनारसे हातात देतात. आपण फक्त बसायचं आणि खायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असा माझा स्वभाव, त्यामुळे मला हा महिना फार आवडतो. त्या वर्षी तो नेमका श्रावणात आला, म्हणजे ऐन पावसात. मी जव्हारला राहतो आणि जामसरच्या शाळेत विज्ञान शिकवतो, रजा मिळेना. तेव्हा सासऱ्यांनी निरोप पाठवला, "तुम्ही येऊ नका. वाणच जव्हारला येतंय."

हे वाण म्हणजे आरशाचं टेबल. ऐन झाडाच्या लाकडाचं, तीन खणांचं, दोन महिने खपून केलेलं. लग्नात त्यांनी आम्हाला भुशाच्या फळीचं टेबल दिलं होतं, ते जव्हारच्या दुसऱ्या पावसात फुगून पापडासारखं उकललं. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. आता लेकीला खऱ्या लाकडाचं द्यायचं. फोनवर मला म्हणाले, "जावईबापू, एका बोटाने खण सरकतो. अख्ख्या आळीने येऊन बघितलंय." आवाजात इतका आनंद होता की मलाच भरून आलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या दाराशी माणसं आली होती.

ठरल्या दिवशी सासू-सासऱ्यांना घेऊन टेम्पो आला तो धो धो पावसात. वर ताडपत्री होती, पण घाटातल्या वाऱ्याने तिचं एक टोक सोडवून टेबलाला यथेच्छ आंघोळ घातली होती. वरच्या खणाला सुतळीचे चार वेढे होते. मी विचारलं तर सासरे अभिमानाने म्हणाले, "इतका सैल सरकतो, घाटात बाहेर पडला तर? अनारशांचा डबा, निरांजन, सगळं त्यातच ठेवलंय. खण उघडून थेट तुमच्या हातात द्यायचं."

"मी सांगत होते, डबा मांडीवर घेते," सासूबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं," सासरे म्हणाले.

मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं. समोर टेबल, टेबलाला आरसा, आरशात मी. सासऱ्यांनी सुतळी सोडली. आधी त्यांनी मधला खण एका बोटाने ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा तो बाहेर आला. खालचाही तसाच. मी मनापासून वा म्हटलं. मग त्यांनी वरच्या खणाला बोट लावलं.

खण हलला नाही. दोन बोटं लावली, मग मूठ धरली. शेवटी त्यांनी पाय टेबलाला टेकवून दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा टेबल वीतभर पुढे आलं, खण होता तिथेच. आरशातला मी उगाचच जवळ आलो.

"प्रवासाने जरा दमलंय," सासरे म्हणाले.

"तुम्ही की टेबल?" सासूबाईंनी विचारलं.

बायकोने फटीतून खोबरेल तेल सोडायचं सुचवलं. साधं तेल संपलं होतं, म्हणून तिचं मोगऱ्याच्या वासाचं सोडलं. लाकूड ते पिऊन गेलं आणि आणखी पिण्याच्या तयारीत राहिलं. मग मला राहवलं नाही. जावयाने पाटावरून उठू नये, पण विज्ञान शिक्षकाने किती वेळ बसावं? लाकूड ओलाव्याने फुगतं, म्हणजे वाळवलं की आकसेल, असं मी वर्गात सांगतो तसं खणखणीत सांगितलं आणि केस वाळवायचं यंत्र आणवलं. ते फटीला लावून जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, तोच वीज गेली. जव्हारला पावसात वीज जाणं ही बातमी नव्हे, पण भर दुपारी घरात अंधारून आलं. बायकोने मेणबत्ती लावली. मी म्हटलं, आता गरम आहे तोवर जोर लावू, आणि सर्व शक्तीने ओढलं.

मूठ माझ्या हातात आली. स्क्रूसकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

 सासरे पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी माझ्या हातातली मूठ घेतली, उलटसुलट बघितली आणि खिशात टाकली. दोन महिने ज्या माणसाच्या बोलण्यात टेबलाशिवाय दुसरा विषय नव्हता, तो आता त्या टेबलाकडे बघतही नव्हता.

"फोडा," ते म्हणाले. "मागची फळी फोडा आणि डबा काढा. मुहूर्त जायला नको. टेबल नेतो मी परत. चुलीला होईल."

मला स्वतःचाच राग आला. एक साधा पाटावर बसायचा मान, तोही मला धड घेता आला नव्हता.

आणि इतका वेळ टोमणे मारणाऱ्या सासूबाई एकदम पुढे झाल्या. "फोडायचं नाही कुणी," त्या म्हणाल्या, "सरका." त्यांनी मधला खण पुरता बाहेर काढून जमिनीवर ठेवला, हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि रिकाम्या जागेतून हात आत घातला. दोन खणांच्या मध्ये फळी घालायला सासरे विसरले होते, ते आज कामी आलं. हात थेट वरच्या खणाच्या मागे पोचला. पण त्यासाठी त्यांना खांद्यापर्यंत आत जावं लागलं. गाल टेबलाला चिकटलेला, तोंड आमच्याकडे. "मी मागून ढकलते, तुम्ही पुढून खालची कड धरून ओढा."

सासरे उठले आणि जमिनीवरच्या खणाजवळ थबकले. मेणबत्तीच्या उजेडात त्याच्या दोन्ही कडा चकाकत होत्या. त्यांनी बोट फिरवलं, नखाने खरवडलं, वास घेतला.

"हे मेण आहे," ते म्हणाले.

सासूबाईंना हात सोडवून पळून जाता येईना. त्या टेबलाला चिकटून तशाच राहिल्या.

"कुणी लावलं?"

"उंदरांनी," सासूबाई म्हणाल्या. "घरात काय कमी आहेत?"

सासऱ्यांनी खालचा खण उपसला. त्यालाही मेण. सासरे जेवून रोज तासभर झोपायचे, आणि उठले की आळीतलं कुणी ना कुणी टेबल बघायला यायचं. मला आता सगळं दिसलं: ती रोजची दुपार, घोरण्याचा आवाज, आणि खणाच्या कडांवर मेणबत्ती घासणारी, जगाला चुलीचा हिशोब सांगणारी ही बाई.

सासऱ्यांनाही ते दिसलं असणार. त्यांनी खण मांडीवर घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वरच्याला आज का नाही लावलं?"

"सकाळी उठल्या उठल्या अनारसे भरून सुतळी बांधून बसलात. उंदरांना वेळ कधी दिलात?"

माझी बायको फिस्सकन हसली. मी हसू दाबायचा प्रयत्न केला तर नाकातून आवाज आला. सासरे हसले नाहीत, पण त्यांनी बाही वर सारली, खालच्या कडेला बोटं अडकवली आणि म्हणाले, "ढकल."

एक म्हैस चिखलातून उठावी तसा आवाज होऊन खण बाहेर आला. सासूबाईंनी मेणबत्ती विझवली आणि खणाच्या एका कडेवर घासून सासऱ्यांच्या हातात दिली. उरलेली बाजू त्यांनी घासली. आता चोरून करायचं काही राहिलं नव्हतं. खण पुन्हा बसवला तेव्हा तो एका बोटाने नाही, पण दोन हातांनी सरकला. मी परत पाटावर बसलो आणि तेहेतीस अनारसे घेतले. तेल फटीतून झिरपून डब्यात उतरलं होतं. सगळ्या अनारशांना मोगऱ्याचा वास येत होता. जावई असल्यामुळे मी चार खाल्ले.

पाऊस जरा ओसरल्यावर टेम्पो परत निघाला. सासूबाई आधीच पुढे जाऊन बसल्या होत्या. सासरे मला बाजूला घेऊन गेले, खिशातली मूठ माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, एक खरं सांगा. मेण नसतं, तर मधला खण सरकला असता का?"

"सरकला असता की, मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "सासूबाईंकडून शिका." आणि टेम्पोत त्यांच्या शेजारी जाऊन बसले.