चढावरचं दूध

पहाटे धरणावर कामाला जाताना भाटघरच्या वाटेवर मला भोरच्या कचेरीतले एक कारकून भेटत. धुक्यातून आधी त्यांची धाप ऐकू येई, मग छत्री दिसे आणि मग सावकाश ते. डॉक्टरांनी त्यांना खाणं आवरून चालायला सांगितलं होतं. त्यांनी आंबेमोहोर भात सोडला होता. "नुसता वास घेतो," असं ते डोळे मिटून सांगत.

पण वाटेत एका धनगर म्हातारीचा मेंढरांचा वाडा होता. ती रोज वाडगाभर दूध पुढे करी. आलेल्याला तसंच जाऊ द्यायचं नाही, ही तिची रीत आणि भरलं भांडं परतवायचं नाही, ही त्यांची. चालून झिजवलेलं सगळं तिथंच भरून निघे.

एकदा त्यांना फारच धाप लागली. मला राहवेना, मी म्हातारीला डॉक्टरांचं सांगून टाकलं. ते माझ्यावर चिडले. ती मात्र टेकडीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी वाडा जागेवर नव्हता. चुलीची राख तेवढी कोमट होती. "भांडं कधी परतवलं नव्हतं हो मी," ते पुटपुटले.

तेवढ्यात टेकडीवरून हाक आली, "सायेब, हितं वर या! वाडगा अर्धा भराया माजा हात धजंना, म्हून चढ वाढिवला!"

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि ते धुक्यात चढू लागले. ते दिसेनासे झाल्यावरही त्यांची धाप बराच वेळ वर वर जात राहिली.