लंडनच्या वाटेवरचा रोजा

गाद्या भरून घ्यायच्या तर अनवरी पिंजारीकडूनच, असं जळगावच्या त्या गल्लीत सगळे म्हणत. ऐन मे महिन्यात रमजान आला तेव्हाही ती पत्र्याच्या शेडखाली कापूस झोडपायची, पाण्याचा थेंब तोंडात न घेता. एकदा धरलेला रोजा तिनं जन्मात कधी अर्ध्यावर सोडला नव्हता.

म्हणून मुलगा अतिक म्हणाला, "अम्मी, विमानात रोजा नको. तुला साखरेचा आजार, आणि प्रवासात सवलत असतेच," तेव्हा ती हसली.

"अरे, दहा तास खुर्चीत बसायचं. त्यात काय जड?"

लंडनला तिची लेक सादिया होती. अनवरी पोचायच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन करून बाळ काढायचं होतं. आई आल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिनं फोनवर बजावलं होतं.

विमान दुपारी मुंबईहून उडालं. शेजारी नूतन नावाची तरणी बाई होती. "मी धुळानी शे, अक्का," ती अहिराणीत म्हणाली, ओळख झाली आणि सादियाच्या बाळाचंही सांगून झालं. जेवणं उरकल्यावर लोकांनी खिडक्यांच्या झडपा ओढल्या, दिवे मंद झाले, जो तो घोरू लागला. अनवरीच्या घड्याळात जळगावची इफ्तारची वेळ झाली. तिनं डबी उघडली, दुआ पुटपुटली आणि खजूर तोंडात टाकला.

तेवढ्यात नूतननं झडप वर केली.

ऊन! भर दुपारचं, डोळे दिपवणारं पांढरं ऊन.

अनवरीनं खजूर तसाच हातावर काढला. "या अल्ला! हे काय?"

"ऊन शे, अक्का."

"ते दिसतंय मला! सूर्य अजून वर कसा?"

"आपण पश्चिमेला चाललोय ना. तो पुढे, आपण त्याच्या मागे."

"मग मावळणार कधी?"

नूतननं समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. "लंडनला उतरता उतरता. अजून पाच तास."

"चेष्टा करू नकोस, पोरी."

"तुमची शपथ."

अनवरी सुन्न झाली. जळगावात आता भजी तळून झाली असतील, अतिकनं सरबतही प्यायलं असेल, आणि इथं सूर्य ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा उठायचं नाव घेईना. ज्याच्या बुडण्यावर आयुष्यभर भरवसा ठेवला, तोच असा वागतो? ती त्याच्याकडे बघत राहिली. पडद्यावरचं विमान मुंगीच्या चालीनं सरकत होतं.

तासा-दोन तासांनी तिला दरदरून घाम फुटला. हात कापू लागले, नूतनचा चेहरा धूसर झाला.

"अक्का, पाणी घ्या."

"नाही."

"मग उद्या सादिया एका खाटेवर आणि तुम्ही दुसरीवर! बाळ काय जावयानं एकट्यानं धरायचं?"

अनवरीनं नूतनच्या पुढून हात लांबवून झडप पार वरपर्यंत ढकलली. लपूनछपून प्यायचं तिला जमणार नव्हतं. सूर्य समोर लख्ख होता.

"ईद झाली की हा रोजा पुन्हा धरीन," ती सूर्याला की आणखी कुणाला म्हणाली, नूतनला कळलं नाही.

नूतननं हवाईसुंदरीकडून मागवलेला संत्र्याचा रस तिनं घटाघटा प्यायला. ग्लास रिकामा झाल्यावर ती त्याच्याकडे बघतच राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणी संपवला होता.

"नूतन," ती हळूच म्हणाली, "अजून एक माग गं."